शत्रुगटांच्या प्रदेशातील दुर्बळाचे राजकारण : ‘केन्शी’ या संगणकीय खेळाचा परिचयात्मक अभ्यास

बीजसंज्ञा : मुक्तविश्व खेळ, सत्तागट, त्रिविध विजयी, संश्रय, गुलामगिरी

प्रस्तावना

संगणकीय खेळ म्हटले की बहुतेक अध्यापकांच्या डोळ्यांसमोर मागच्या बाकावर बसून भ्रमणध्वनीवर बोटे चालविणारा विद्यार्थी उभा राहतो. वेळेचा अपव्यय, हिंसेचे आकर्षण आणि वाचनाची हानी या तीन आक्षेपांपलीकडे या माध्यमाची चर्चा महाविद्यालयीन वर्तुळात क्वचितच जाते. हे आक्षेप निराधार नाहीत. तथापि नाटक, कादंबरी व चित्रपट यांच्याप्रमाणेच हे माध्यमही समाजरचनेविषयी काही गृहीतके मांडत असते, आणि ती वाचकाला सांगण्याऐवजी त्याच्याकडून करवून घेत असते, ही बाब समाजशास्त्रे व राज्यशास्त्र यांच्या अभ्यासकांनी दुर्लक्षावी अशी नाही. प्रस्तुत लेखात ‘केन्शी’ या एका खेळाच्या आधारे, परस्परांशी वैर असलेल्या अनेक सत्तागटांच्या प्रदेशात एकटा, निःशस्त्र व निर्धन मनुष्य तग कसा धरतो, याचे विवेचन केले आहे.

प्रथम दोन संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. ज्या खेळात ठरावीक टप्पे ओलांडत पुढे जावे लागत नाही, तर संपूर्ण भूप्रदेश आरंभापासूनच संचारासाठी खुला असतो, त्यास ‘मुक्तविश्व’ खेळ म्हणता येईल. ‘सँडबॉक्स’ म्हणजे लहान मुलांच्या खेळण्याचा वाळूचा हौद. हौदातल्या वाळूचा किल्ला करावा की विहीर खणावी हे मूल ठरविते. त्याचप्रमाणे या प्रकारात साध्य काय मानावे हे खेळणाऱ्यावर सोडलेले असते. इंग्लंडमध्ये १९८४ साली प्रसिद्ध झालेला ‘एलीट’ हा अंतराळातील व्यापाराचा खेळ या परंपरेच्या आरंभस्थानी मानला जातो. पुढे तुर्कस्तानात तयार झालेला ‘माउंट अँड ब्लेड’ (२००८) आणि अमेरिकेतील ‘फॉलआउट : न्यू व्हेगास’ (२०१०) यांनी परस्परविरोधी गटांमधील निष्ठेच्या प्रश्नाला खेळाच्या केंद्रस्थानी आणले. मात्र या दोन्ही खेळांत नायकाला काही ना काही सवलत असते. ‘केन्शी’मध्ये ती नाही, म्हणूनच येथे त्याची निवड केली आहे.

खेळाची पार्श्वभूमी

‘केन्शी’ची निर्मिती ब्रिटनमधील लो-फाय गेम्स या छोट्या संस्थेची. तिचा संस्थापक ख्रिस हंट याने आरंभीची अनेक वर्षे सुरक्षारक्षकाची अर्धवेळ नोकरी करीत जवळजवळ एकट्यानेच या खेळावर काम केले. २०१३ साली त्याची अपूर्ण आवृत्ती ‘स्टीम’ या विक्रीमंचावर उपलब्ध झाली आणि पूर्ण आवृत्ती ६ डिसेंबर २०१८ रोजी प्रसिद्ध झाली. चित्रांकन फारसे सुबक नाही, नियंत्रणे क्लिष्ट आहेत, आणि नवख्याला हात धरून शिकविण्याची तसदी हा खेळ घेत नाही. हा एकट्याने खेळावयाचा खेळ असल्यामुळे त्यातील शत्रू म्हणजे महाजालावरील दुसरा खेळाडू नव्हे, तर संगणकाने चालविलेली पात्रे होत, हेही ध्यानात घ्यावे.

सुमारे ८७० चौरस किलोमीटर विस्ताराचा हा काल्पनिक प्रदेश एका फार जुन्या संस्कृतीच्या विनाशानंतरचा आहे. वाळवंटे, क्षारयुक्त मैदाने, आम्लवृष्टीचे पट्टे आणि गंजलेल्या प्रचंड यंत्रांचे अवशेष सर्वत्र पसरले आहेत. येथे माणसांखेरीज शेक ही शिंगे व अस्थिकवच असलेली लढवय्यी जमात आहे, राणीच्या आज्ञेत राहणारे पोळ्यातील किडामानव आहेत, आणि पूर्वीच्या साम्राज्यांतून उरलेले, ‘सांगाडे’ म्हणून ओळखले जाणारे यंत्रमानव आहेत. राजकीय दृष्ट्या तीन सत्ता प्रमुख. ‘होली नेशन’ म्हणजे पवित्र राष्ट्र हे ओक्रान नामक प्रकाशदेवाचे राज्य असून फिनिक्स हा पुनर्जन्म घेत आलेला मानला जाणारा बासष्टावा धर्मगुरू त्याचा अधिपती आहे. ‘युनायटेड सिटीज’ म्हणजे संयुक्त नगरे ही सम्राट टेंगूच्या नावाने, परंतु प्रत्यक्षात सरदार, व्यापारीसंघ व गुलामांचे व्यापारी यांच्या तंत्राने चालणारी सत्ता होय. तिसरे शेक लोकांचे राज्य. त्याची राणी एसाटा. यांच्या फटींत उपाशी दरोडेखोर, धूळदरोडेखोर, नरभक्षक, धुक्यात राहणारे भ्रमिष्ट किडामानव, गुलामगिरीविरोधी बंडखोर असे असंख्य लहान गट वावरतात.

खेळाडू या जगात कोणी अवतारपुरुष नसतो. त्याच्या येण्याची कोणी वाट पाहत नसते, त्याच्याविषयी भविष्यवाणी नसते, आणि त्याच्या ताकदीनुसार शत्रूची ताकद कमीअधिकही होत नाही. आरंभी भेटणारा जवळजवळ प्रत्येक सशस्त्र मनुष्य त्याच्याहून बलवान असतो.

देहाचा हिशेब

बहुसंख्य खेळांत प्राणशक्ती एका पट्टीने दाखविली जाते. पट्टी संपली की मृत्यू. येथे डोके, छाती, पोट, दोन्ही हात व दोन्ही पाय यांचा हिशेब स्वतंत्र ठेवलेला आहे. पायाला जखम झाली तर माणूस लंगडतो, हाताला झाली तर त्या हाताने शस्त्र पेलवत नाही, घाव फार खोल असेल तर तो अवयव कायमचा जातो. रक्तस्राव वेगळा मोजला जातो आणि भूक त्याहून वेगळी. मलमपट्टी वेळेवर झाली नाही तर लढाई जिंकलेलाही मरतो.

या रचनेचा परिणाम असा की पराभव आणि मृत्यू यांच्यामध्ये फार मोठा अवकाश निर्माण होतो. बेशुद्ध पडलेला मनुष्य शुद्धीवर येतो तेव्हा त्याचे काय झालेले असेल, हे त्याला कोणी पाडले यावर अवलंबून असते. उपाशी दरोडेखोरांनी पाडले असेल तर अन्न गेलेले असते, जीव उरलेला असतो. गुलामांच्या व्यापाऱ्यांनी गाठले तर जखमा बांधलेल्या असतात आणि हातापायांत बेड्या असतात. मालाची निगा राखणे हा धंद्याचाच भाग आहे. नरभक्षकांनी उचलले तर तळावर नेऊन खाण्याची तयारी चाललेली असते.

याहून विलक्षण म्हणजे चिवटपणा नावाचा एक गुण मार खाल्ल्यानेच वाढतो. शत्रू जवळ असताना खाली पडलेल्या खेळाडूपुढे दोन पर्याय असतात : मेल्याचे सोंग घेऊन पडून राहणे किंवा पुन्हा उठून उभे राहणे. पडून राहिल्यास बहुधा जीव वाचतो. उठल्यास पुन्हा मार बसतो, परंतु चिवटपणा अधिक वेगाने वाढतो. पराभव हाच अभ्यासक्रम ठरविणारी अशी रचना या माध्यमात विरळाच.

शत्रूचे स्वरूप आणि कौटिल्याचे वर्गीकरण

वरील उदाहरणांवरून एक गोष्ट लक्षात येईल. या जगात तग धरू पाहणाऱ्याने प्रथम विचारावयाचा प्रश्न ‘शत्रू किती बलवान आहे’ हा नसून ‘शत्रूला माझ्यापासून काय हवे आहे’ हा आहे. बळाचा प्रश्न आरंभी निरर्थकच असतो, कारण सारेच अधिक बलवान असतात.

राज्यशास्त्राच्या व संस्कृतच्या अध्यापकांना येथे कौटिलीय अर्थशास्त्राच्या बाराव्या अधिकरणाची आठवण होणे स्वाभाविक आहे. ‘आबलीयस’ नावाचे हे अधिकरण दुर्बळ राजाने बलवानाच्या आक्रमणाला कसे तोंड द्यावे याविषयी आहे. त्यात चाल करून येणाऱ्या विजयी राजाचे तीन प्रकार सांगितले आहेत. धर्मविजयी शरणागतीने संतुष्ट होतो. लोभविजयीला भूमी व द्रव्य हवे असते. असुरविजयी भूमी व द्रव्याबरोबरच पुत्र, स्त्रिया आणि प्राणही घेतो. पहिल्यापुढे नमावे, दुसऱ्याला धन द्यावे, आणि तिसऱ्याला भूमी व द्रव्य देऊन थोपवावे, पण स्वतः त्याच्या हाती लागू नये व मग प्रतिकार योजावा, असा त्या विवेचनाचा आशय आहे.

‘केन्शी’च्या निर्मात्यांनी अर्थशास्त्र वाचले होते असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. परंतु दुर्बळाच्या बाजूने जग पाहू लागले की प्रश्नांची मांडणी सारखी होते, हे लक्षणीय आहे. लोभविजयी ओळखणे या खेळात सोपे. धूळदरोडेखोर खंडणी मागतात आणि ती मिळाली की निघून जातात. संयुक्त नगरांचे करवसुलीदार अधिक सभ्य पोशाखात येतात, इतकाच फरक. नरभक्षक आणि धुक्यातील किडामानव मात्र वर्गीकरणाच्या बाहेर राहतात. त्यांना विजय नको, अन्न हवे आहे, आणि अन्नाशी कोणी तह करीत नाही. त्यांच्या प्रदेशातून जाताना वेग एवढेच धोरण. म्हणून अनुभवी खेळाडू लांबच्या प्रवासापूर्वी शस्त्रांपेक्षा ओझ्याचा विचार अधिक करतो, कारण जड पाठीने धावता येत नाही.

शेक लोकांच्या बाबतीत तर कौटिल्याचा पहिला प्रकार उलटा लावावा लागतो. शरणागतीने संतुष्ट होण्याऐवजी ते शरण येणाऱ्याला तुच्छ लेखतात. हरला तरी चालेल, पण लढला पाहिजे, अशी त्यांची शौर्याची कल्पना. बलाढ्य शत्रूला जेरबंद करून आणणाऱ्या परक्याला ते मित्र मानतात.

एकाच सत्तेची अनेक रूपे

खेळातील सर्वांत विचारप्रवर्तक भाग पवित्र राष्ट्राचा आहे. तेथील धर्मकल्पनेनुसार प्रकाशदेव ओक्रानची शत्रू नार्को ही अंधाराची देवता असून स्त्रिया तिच्या प्रभावाखाली सहज येतात. शेक व किडामानव अपवित्र. आणि यंत्रे ही तर साक्षात पापाची निर्मिती. त्यामुळे मानव पुरुष त्या राज्यातील कोणत्याही नगरात विनासायास शिरतो, सुपीक शेतांमधून चालतो, सौम्य शब्दांत स्वागतही होते. स्त्रीला दुय्यम वागणूक मिळते. कृत्रिम हात लावलेल्याकडे पहारेकरी रोखून पाहतात. सांगाडा मात्र दिसताक्षणी मारला जातो.

म्हणजे एकच सत्ता एका प्रवाशासाठी धर्मविजयी आणि दुसऱ्यासाठी असुरविजयी असते. कौटिल्याचे वर्गीकरण विजयी राजाच्या स्वभावाचे आहे. खेळाच्या अनुभवातून असे दिसते की हा स्वभाव राजाइतकाच समोरच्याच्या देहावरही ठरतो. ही गोष्ट खेळाडूला व्याख्यानातून समजत नाही. त्याच्या टोळीत एक शेतकरी, एक शेक स्त्री व एक यंत्रमानव असे तिघे जमलेले असतात, आणि वेशीपाशी आल्यावर त्याला कळते की तिघांनी एका रस्त्याने जाणे शक्य नाही. मग एकाने नगरात शिरून धान्य आणावे आणि बाकीच्यांनी डोंगराआड रात्र काढावी, अशी व्यवस्था सुरू होते. कोणाचा हात लढाईत तुटला तर आणखी एक पेच येतो : यांत्रिक हात बसवून काम करता येईल, पण मग हे राज्य त्यालाही दुरावते.

पवित्र राष्ट्रातून पळालेल्या स्त्रियांचा ‘फ्लॉट्सम निन्जा’ हा गट मॉल नामक स्त्रीच्या नेतृत्वाखाली त्या राज्याशी झुंजतो. टिनफिस्ट हा यंत्रमानव गुलामगिरीविरोधी बंडखोरांचा म्होरक्या आहे. एका देहाला बंद झालेला दरवाजा असा दुसरीकडे उघडतो, परंतु त्याची किंमत असते. या गटांशी सख्य म्हणजे मोठ्या सत्तांशी वैर. एकाशी संधी व दुसऱ्याशी विग्रह या धोरणाला कौटिल्याने द्वैधीभाव म्हटले आहे. ते पेलण्याइतके बळ येईपर्यंत थांबणे शहाणपणाचे.

आश्रयाची युक्ती

आरंभीच्या काळात उपयोगी पडते ते षाड्गुण्यातील संश्रयाचे तत्त्व, म्हणजे बलवानाचा आसरा. नवखा खेळाडू नगराच्या जवळपास तांबे खणून विकतो. दरोडेखोर मागे लागले की लढत नाही. वेशीकडे धाव घेतो. पहारेकरी दरोडेखोरांना लोळवितात. मग तो जखमींची शस्त्रे व कपडे गोळा करून बाजारात विकतो, आणि जखमी पहारेकऱ्यांना पट्टी बांधतो. या शुश्रूषेमुळे त्या गटाशी असलेले त्याचे संबंध सुधारतात, कारण प्रत्येक गटाशी असलेले संबंध उणे शंभर ते अधिक शंभर अशा मापाने मोजलेले असतात. इनाम लागलेला गुन्हेगार पकडून स्वाधीन केल्यानेही हा आकडा वाढतो. शत्रुगटाचा गणवेष चढवून त्यांच्या ठाण्यातून निघून जाण्याची सोयही आहे. मात्र सोंग उघडे पडल्यास सुटका कठीण.

या डावपेचांत शौर्य कोठेच नाही, हे उघड आहे. परंतु दुबळ्यांच्या इतिहासात ते बहुधा नसतेच. असते ती कोणाच्या सावलीत केव्हा उभे राहावे याची जाण.

वस्ती उभारल्यानंतर

भटक्याला कोणी कर मागत नाही. त्याच्याजवळ लुटण्यासारखे थोडे असते आणि तो एका जागी सापडतही नाही. ज्या दिवशी खेळाडू चार भिंती उभारून विहीर खणतो व शेत नांगरतो, त्या दिवशी हे सारे पालटते. आता त्याला पत्ता असतो. सीमाभागात वस्ती केली तर धूळदरोडेखोर खंडणीसाठी येतात. संयुक्त नगरांच्या हद्दीत केली तर करवसुलीदार येतो आणि कर नाकारल्यास मागून सैन्य. पवित्र राष्ट्राच्या हद्दीत प्रार्थनेच्या दिवशी धर्मोपदेशक पहाऱ्यासह दारात उभा राहतो. त्या वेळी मानव पुरुषाने पुढे होऊन प्रार्थनेत सामील व्हावे आणि सांगाडा मित्राने घराच्या आतल्या खोलीत लपावे, हे बरे.

राज्यसंस्थेच्या उगमाविषयीच्या कोणत्याही चर्चेत शेती, साठा आणि करवसुली यांचा संबंध येतो. येथे तो सिद्धान्तरूपाने न येता धान्याच्या कोठारावर चालून येणाऱ्या माणसांच्या रूपाने येतो. जागा निवडताना जमीन किती सुपीक हे पाहावे की हद्द कोणाची हे पाहावे, असा प्रश्न पडतो आणि बहुतेक वेळा दुसऱ्याच निकषाला प्राधान्य द्यावे लागते.

गुलामगिरी आणि आकड्यांची मर्यादा

पकडले गेल्यावर खेळ संपत नाही, हे या खेळाचे सर्वांत मोठे धाडस आणि त्याचा सर्वांत मोठा दोष, दोन्ही आहे. पवित्र राष्ट्राची ‘रिबर्थ’ नावाची श्रमछावणी आहे. तेथे कैद्यांकडून दगड फोडवून घेतले जातात. कष्टांनी आत्मा शुद्ध होऊन पुढचा जन्म चांगला मिळेल, असे त्यांना सांगितले जाते. खेळाडू इच्छिल्यास खेळाचा आरंभच या छावणीतील गुलाम म्हणून करू शकतो. रात्री पहारा सैल झाला की बेडीचे कुलूप उघडण्याचा प्रयत्न करावयाचा, फसल्यास मार खावयाचा, पुन्हा प्रयत्न करावयाचा. छावणीच्या भिंतीबाहेर पडल्यावरही अंगावरचा गुलामाचा वेष व पायातील बेड्या ओळख सांगत राहतात. हा भाग खेळणाऱ्याला स्वातंत्र्याची किंमत अत्यंत ठोसपणे जाणवून देतो.

मात्र येथेच रचनेची दुसरी बाजू उघडी पडते. कुलूप उघडण्याच्या प्रत्येक प्रयत्नाने ते कौशल्य वाढते, वजन वाहिल्याने ताकद वाढते, मार खाल्ल्याने चिवटपणा. सराईत खेळाडूंना हे उमगल्यावर त्यांच्यापैकी काही मुद्दाम पकडले जाऊ लागले. छावणी हा आखाडा झाला. यात खेळाडूंचा दोष कमी आहे. जे मोजले जाते तेच वाढविण्याकडे कोणाचाही कल असणार. निर्मात्यांनी बळ मोजले, भूक मोजली, रक्ताचा थेंबही मोजला, पण हताशपणा मोजला नाही. येथील गुलाम थकतो व उपाशी राहतो. त्याची उमेद मात्र कधी खचत नाही, कारण ती पडद्यामागे बसलेल्या खेळाडूची असते. शिवाय हवे तेव्हा खेळ जतन करून पूर्वस्थितीवर परतण्याची सोय असल्यामुळे कोणताही निर्णय अखेरचा ठरत नाही. काही खेळाडू ही सोय स्वतःहून वर्ज्य करतात, आणि त्यांचाच अनुभव या खेळाच्या मूळ प्रकृतीशी अधिक सुसंगत म्हणावा लागेल.

सत्ता उलथविल्यावर

अनेक तासांच्या परिश्रमांनंतर खेळाडूची टोळी इतकी बलवान होते की ती धर्मगुरू फिनिक्सला ठार करू शकते किंवा कैद करू शकते. इतर खेळांत याच क्षणी विजयाचे संगीत वाजले असते. येथे काही वाजत नाही. नंतर त्या नगरांपाशी गेल्यावर बदल दिसू लागतात : एका ठिकाणी शेजारची सत्ता शिरलेली असते, दुसरे ठिकाण ओसाड किंवा लुटारूंच्या ताब्यात असते. संयुक्त नगरांचे सरदार हटविल्यावर काही नगरांत बंडखोर येतात, तर काहींत उपासमार. मंडईत धान्य विकणारा दुकानदार जागेवर नसतो. ज्या वेशीच्या आडोशाने खेळाडू आरंभी दरोडेखोरांपासून वाचला होता, तसल्या काही वेशींवर आता पहारेकरीच उरलेले नसतात, आणि दूरच्या वाळूतून कोणीतरी नवखा जीव घेऊन धावत आला तर त्याच्यासाठी पुढे होणारी त्या टापूतली सशस्त्र माणसे बहुधा खेळाडूचीच असतात.